खालच्या बाजूचा ओरखडा

मोटारगाडीस लहानसा ओरखडा पडावा, आणि तोही अशा जागी की रस्त्याने जाणाऱ्यास दिसू नये, खुद्द धन्यासही जमिनीवर गुडघा टेकून वाकल्यावाचून दिसू नये. तर तो दुरुस्त करून घ्यावा, की तसाच राहू द्यावा? प्रश्न इतका किरकोळ आहे की त्यावर कोणी दोन रकाने खर्ची घालावे याचेच पुष्कळांस नवल वाटेल. परंतु ज्या घरांतून पूर्वी सायकल होती आणि पुढे मोटारसायकल आली, त्या घरांच्या अंगणांत आता लहानशा गाड्या उभ्या आहेत. त्या बहुधा कर्जाच्या हप्त्यांवर घेतलेल्या, आणि म्हणूनच जिवापाड जपलेल्या असतात. गेल्या वर्षभरात पाच-सहा कुटुंबांनी हा प्रश्न आम्हांस विचारला. बंपरच्या खालच्या कडेस चरा पडला म्हणून तीन रात्री डोळ्यास डोळा लागला नाही, असे एका गृहस्थांनी अगदी गंभीर मुद्रेने सांगितले, आणि आम्हांस हसू आले नाही. ज्याने बारा वर्षे पै-पै साठवून एक वस्तू घेतली आहे त्याचे दुःख आपल्या मापाने मोजू नये.

आम्ही काही मेस्त्री नव्हे. तथापि हा प्रश्न आमच्या दाराशीही येऊन उभा राहिला, आणि त्याचे उत्तर देण्यासाठी आम्हांस पत्रा, रंग, विमा आणि माणसाचे मन या चारही गोष्टींची थोडीबहुत माहिती करून घ्यावी लागली. त्यांपैकी शेवटची सर्वांत अवघड ठरली.

धर्मग्रामाची गाडी सात वर्षांची, पांढऱ्या रंगाची, लहान बांध्याची आहे. बेळगावच्या पश्चिमेस, खानापूर तालुक्याच्या रानपट्टीतील वाड्यांतून ती फिरते. जांबोटी, कणकुंबीकडचा पाऊस ज्याने पाहिला आहे त्यास जुलै महिन्यातील तिकडच्या वाटा कशा असतात हे सांगावयास नको. अशाच एका जुलैच्या रात्री एका घरच्या सुनेस प्रसूतीच्या कळा सुरू झाल्या. १०८ ची रुग्णवाहिका दुसऱ्या गावी गेली होती. आम्ही तापाने अंथरुणास खिळलो होतो. तेव्हा शेजारच्या एका तरुणाने येऊन आमच्याकडून किल्ली घेतली. त्याच्याकडे परवाना होता आणि हातही बरा होता. तो त्या सुनेस आणि तिच्या सासूबाईंस घेऊन मुसळधार पावसातून बेळगावच्या रुग्णालयात गेला. पहाटे मुलगी झाली. दोघीही सुखरूप राहिल्या.

सकाळी तो गाडी घेऊन परतला तो घरी न जाता थेट आमच्या पायरीशी आला. "फादर, गाडीला लागलंय," तो म्हणाला. "वरून दिसायचं नाही, पण लागलंय. गोठ्यापाशी वळवताना गवतात चिरा होता." मोबाइलचा दिवा लावून तो चिखलात बसला आणि आम्हांसही वाकावयास लावून त्याने दोन्ही जागा दाखविल्या. मग उभा राहून म्हणाला, "खर्च काय येईल तो माझ्या पगारातून घ्या. दोन महिन्यांत फेडतो."

जांभ्याचा चिरा तो; त्याच्यापुढे गाडीचे काय चालणार! पुढील बंपरच्या खालच्या कडेस हातभर लांबीचे चरे पडले होते, आणि डाव्या बाजूस मागील दरवाजाच्या खाली जी पत्र्याची पट्टी असते तिच्या तळाशी चार बोटे लांबीचा रंग निघून आतील धातू उघडा पडला होता. पत्रा किंचित आत गेला होता. त्यास पोचा म्हणणे म्हणजे जरा अतिशयोक्तीच. दोन्ही जखमा एकाच दगडाच्या, एकाच क्षणाच्या आणि दोन्ही दृष्टीआडच्या. परंतु त्या एका जातीच्या नाहीत, हे त्या तरुणास आमच्या आधी कळले होते. तो बेळगावच्या उद्यमबागेतील एका ओतकाम कारखान्यात कामास आहे. लोखंड कसे वागते हे त्यास पुस्तकातून शिकावे लागलेले नाही. "बंपर राहिला तर राहू दे," तो म्हणाला, "पण खालचं लोखंड आहे, फादर."

प्रथम बंपरचेच पाहू. ज्यांचे केस पांढरे झाले आहेत त्यांस जुन्या अँबॅसडर गाडीचा बंपर आठवत असेल. तो जाड पोलादाचा, वर क्रोमचा चकचकीत मुलामा दिलेला, आणि गाडीच्या अंगापासून बोटभर पुढे आलेला असे. त्याचे काम धक्के खाण्याचे, आणि ते तो मुकाट्याने करी. ती गाडी २०१४ साली बनावयाची थांबली. त्या जातीचे बंपर तर त्यापूर्वीच मागे पडत चालले होते. हल्लीचा बंपर म्हणजे प्लॅस्टिकचे एक आवरण असून त्यास गाडीच्याच रंगात रंगविलेले असते. म्हणजे जो भाग धक्के खाण्यासाठी म्हणून निर्माण झाला त्यासच आपण सणाचे कपडे घालून उभे केले आहे, आणि त्यावर चिखल उडाला की हळहळतो. याचे नवल करावे तितके थोडेच. मात्र या प्लॅस्टिकमध्ये एक मोठा गुण आहे: ते गंजत नाही. त्यावरचा रंग गेला, खाली काळा थर दिसू लागला, तरी तो चरा दहा वर्षांनीही चराच राहील, वाढणार नाही. आवरण फाटलेले नाही, खिळे-खुंट्या सुटलेल्या नाहीत, खालचा भाग लोंबत नाही, एवढे पाहिले की पुढचा प्रश्न केवळ शोभेचा उरतो. आणि जी जागा कोणास दिसतच नाही तिथे शोभा ती कोणासाठी?

पत्र्याची गोष्ट निराळी आहे. कारखान्यात गाडीचा सांगाडा तयार झाला की तो आधी स्वच्छ धुतात, मग अस्तर-रंगाच्या हौदात संपूर्ण बुडवितात आणि विजेच्या प्रवाहाने तो रंग सांध्यासांध्यांत ओढून बसवितात. त्यावर आणखी एक अस्तर, मग दिसणारा रंग आणि सर्वांवर पारदर्शक चकाकीचा लेप. हे सारे थर मिळून जाडी भरते ती मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास! तेवढ्या पडद्याआड पोलाद सुरक्षित असते. तो पडदा फाटला आणि पाणी व हवा दोन्ही पोलादास भिडली की गंजाचे काम सुरू होते. गंज हा मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून अधिक जागा व्यापतो, त्यामुळे तो आजूबाजूच्या धडधाकट रंगाखाली शिरून त्यास उचलू लागतो. वरून फुगवटा दिसतो तोवर आत बरेच काही होऊन गेलेले असते. कित्येक गाड्यांच्या पत्र्यावर जस्ताचा मुलामा असतो. तो असला तर जस्त आधी स्वतः झिजते आणि जवळच्या उघड्या पोलादास काही काळ वाचविते. परंतु दगडाने मुलामाच खरवडून नेला असेल तर त्या आशेवर फार काळ बसता येत नाही.

दरवाजाखालची ही पट्टी शोभेची नसते, हेही पुष्कळांस ठाऊक नसते. ती आतून पोकळ पेटीसारखी असून गाडीचा भार वाहण्यात तिचा मोठा वाटा असतो. चाक पंक्चर झाले म्हणजे जॅक लावतो तो बहुतेक गाड्यांत तिच्याच खालच्या सांध्यास. किंबहुना ज्या गाडीस एकदाही दगड लागलेला नाही तिच्याही तळाशी जॅकने रंग उडविलेला आढळतो. ज्यांस आपली गाडी निष्कलंक वाटते त्यांनी एकदा वाकून पाहावे. या पट्टीस आणि दरवाजांच्या तळास पाणी निघून जाण्यासाठी बारीक छिद्रे ठेवलेली असतात. आमच्याकडील तांबडी माती ती छिद्रे सहज बुजवून टाकते, मग पाणी आत साचते आणि पत्रा आतून कुजतो. काही गाड्यांत या पट्टीवर प्लॅस्टिकचे झाकण असते. तेथे झाकणाआड माती साठते, आणि वरून सर्व काही नीटनेटके दिसत राहते.

तेव्हा वाचकांनी प्रथम एवढेच शोधून काढावे, की ओरखडा कशावर आहे. यास यंत्र लागत नाही. एक लहानसे लोहचुंबक पातळ फडक्यात गुंडाळून त्या जागी लावावे. पोलादास ते चिकटते, प्लॅस्टिकला चिकटत नाही. मग बोटाचे नख ओरखड्यावरून आडवे फिरवावे. नख अडत नसेल तर फक्त वरचा पारदर्शक लेप खरचटला आहे, आणि त्याची चिंता करू नये. नख अडत असेल व आत धातूची चमक किंवा तांबूस डाग दिसत असेल तर मात्र पुढचा पावसाळा येण्यापूर्वी काही तरी केले पाहिजे.

आमचे वाचक गोव्यापासून ग्वाल्हेरपर्यंत पसरलेले आहेत, आणि एकच ओरखडा सर्व ठिकाणी एकसारखा वागत नाही. बार्देश, सासष्टीच्या किनाऱ्यास राहणाऱ्यांस खाऱ्या वाऱ्याचा अनुभव आहे. मीठ पाण्यात मिसळले की गंज चढण्याचे काम पुष्कळ वेगाने चालते. खिडकीच्या लोखंडी गजांचे जे होते तेच गाडीच्या पोटाचे होते. तेथे उघडे पोलाद एक महिनाही तसे ठेवू नये. आमच्या घाटमाथ्यावर मीठ नाही, पण चार महिन्यांचा पाऊस आणि ओली माती आहे. इंदूर-ग्वाल्हेरकडील कोरड्या हवेत तोच ओरखडा बराच काळ निमूट पडून राहील. तिकडे आणि हैदराबादेस गाडीच्या खालच्या भागापेक्षा छताची काळजी अधिक करावी, कारण उन्हाने वरचा लेप करपून पापुद्रे सुटू लागतात. ग्वाल्हेरच्या भावाने "काही होत नाही" म्हणून सांगितले यावर मडगावच्या बहिणीने विसंबू नये.

आता खर्चाचे. शहरातील एका मोठ्या कार्यशाळेत आम्ही गाडी दाखविली. तेथील कारकुनाने बंपर नवा घालण्याचा आणि एक संपूर्ण बाजू रंगविण्याचा अंदाज काढला, व आमचा चेहरा पाहून लगेच म्हणाला की विम्यातून सर्व होऊन जाईल. शिवाय मागच्या दारावरचे जुने चरेही याच अपघातातले म्हणून दाखविता येतील. त्याने हे इतक्या सहजपणे सांगितले की जणू तो चहात साखर किती हे विचारीत होता. आम्ही त्यास नमस्कार करून निघालो. नंतर एका जुन्या डेंटिंग-पेंटिंगवाल्या मेस्त्रींनी दोन्ही जागांच्या पक्क्या कामाचे ६,५०० रुपये सांगितले.

विम्याचा हिशेब मात्र प्रत्येकाने खोटेपणाच्या मोहावाचूनही करून पाहावा. दावा न करणाऱ्यास गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात जी सवलत मिळते ती प्रचलित पद्धतीप्रमाणे पहिल्या वर्षानंतर २० टक्के, मग २५, ३५, ४५, आणि पाच वर्षांनंतर ५० टक्के अशी चढत जाते. एक दावा केला की, त्या सवलतीचे वेगळे संरक्षण विकत घेतलेले नसल्यास, ती पुढच्या वर्षी शून्यावर येते आणि पुन्हा पहिल्या पायरीपासून चढावे लागते. समजा, हा हप्ता सवलतीपूर्वी ६,००० रुपये आहे आणि आपण ५० टक्क्यांच्या पायरीवर आहोत. दावा केल्यास पहिल्या वर्षी ३,००० रुपयांची सवलत जाईल, दुसऱ्या वर्षी १,८००, मग १,५००, ९०० आणि ३०० रुपयांचा फरक पडत पाच वर्षांत एकंदर ७,५०० रुपये हातचे जातील. मिळणार काय? दीड हजार सी.सी.पर्यंतच्या गाडीस प्रत्येक दाव्यातून पहिले १,००० रुपये आपणच सोसावयाचे असतात. शिवाय वेगळे घसारा-संरक्षण घेतलेले नसेल तर बदललेल्या प्लॅस्टिकच्या भागाची आणि रंगाच्या सामानाची निम्मी किंमत कापली जाते. साडेसहा हजारांच्या कामासाठी साडेसात हजार गमविण्यासारखे हे आहे. मोठ्या अपघातासाठी विमा आहे. ओरखड्यासाठी तो काढलेला नाही.

आणखी एक गोष्ट मेस्त्रींनी सांगितली, ती त्यांच्या धंद्याच्या विरुद्ध असूनही त्यांनी सांगितली म्हणून आम्हांस ती विशेष मोलाची वाटते. कारखान्यातील रंग सुमारे १४० अंश उष्णतेत भाजून पक्का केलेला असतो. तयार गाडीत प्लॅस्टिक, तारा, गाद्या सर्व बसविलेले असल्यामुळे दुरुस्तीचा रंग तेवढा भाजता येत नाही. चांगल्या बंद खोलीतही सुमारे ६० अंशांपर्यंतच तापवितात, आणि रस्त्याकडेच्या गॅरेजात तर उन्हावरच वाळवितात. तेव्हा शाबूत असलेला मूळ रंग घासून त्या जागी नवा चढविणे म्हणजे पुष्कळदा चांगले काढून मध्यम बसविणे होय. शिवाय सात वर्षे उन्हात राहिलेल्या पांढऱ्याशी नवे पांढरे सहसा तंतोतंत जुळत नाही. जुनी गाडी घेणारे दलाल हल्ली रंगाची जाडी मोजण्याचे लहानसे यंत्र बाळगतात. रंग प्रमाणापेक्षा जाड लागला की येथे मोठा अपघात झाला असावा असा संशय ते घेतात. पाच रुपयांचा ओरखडा झाकावयास जावे आणि पन्नास रुपयांचा संशय विकत घ्यावा, असे होऊ शकते. नव्या महागड्या गाड्यांत बंपरच्या आड पुढील वाहनाचे अंतर जोखणारे रडारही असते. त्यावर लांबी आणि रंगाचे जाड थर चढविल्यास त्याच्या कामात बिघाड होण्याचा संभव असतो.

पण याच्या उलट बाजूही सांगितली पाहिजे, नाही तर कोणी आमच्या लेखाचा आधार घेऊन खरी मोडतोडही तशीच ठेवील. प्लॅस्टिकचा बंपर धडकेनंतर पुन्हा आपल्या जागी येऊन बसतो. वरून दोन चरे दिसतात, आणि आत मात्र धक्का शोषून घेणारा ठोकळा फुटलेला, मागची पोलादी आडवी पट्टी वाकलेली असते. गाडी एका बाजूस ओढू लागली, दार लावताना पूर्वीपेक्षा निराळा आवाज येऊ लागला, बॉनेटच्या दोन्ही बाजूंच्या फटी कमीजास्त दिसू लागल्या, दिव्याचा झोत वर किंवा खाली पडू लागला, तर "दिसत नाही ना, मग असू दे" हे म्हणणे चालणार नाही. आम्हीही बंपर तसाच ठेवण्याचे ठरविण्यापूर्वी मेस्त्रींकडून तो उतरवून आत पाहून घेतले. आत सर्व ठीक होते.

इथवरचा भाग सोपा होता. अवघड होता तो त्या तरुणाचा.

धर्मग्रामाच्या समितीत हा विषय निघाला तेव्हा दोन मते पडली. एक वडीलधारे सदस्य म्हणाले की गाडी लोकांच्या वर्गणीची आहे, ती आली तशी ठेवणे हे कर्तव्य आहे, आणि मुलगा स्वखुशीने पैसे देत असता ते का नाकारावे? दुसरे म्हणाले की पोरीचा जीव वाचविण्यासाठी गेलेल्या मुलाकडून रंगाचे पैसे घ्यावयाचे म्हणजे लाज वाटण्यासारखी गोष्ट आहे. त्यास सांगून टाकावे की काही झालेले नाही. दोघांचेही अंतःकरण योग्य जागी होते. तथापि आम्हांस दोन्ही मते पटली नाहीत.

पैसे घेतले असते तर काय झाले असते? हिशेब पुरा झाला असता, आणि पुढच्या जुलैत मध्यरात्री कोणी किल्ली मागावयास आले नसते. वाडीतील प्रत्येक तरुणाने मनात म्हटले असते की फादरांची गाडी चालवावी आणि पगार गमवावा, यापेक्षा रुग्णवाहिकेची वाट पाहिलेली बरी. रंग जितका नवा, तितके ती गाडी अडचणीच्या गल्लीत घालावयास माणसाचे मन कचरते. ज्या गाडीने रात्री-अपरात्री आजाऱ्यांस न्यावयाचे आहे तिच्या अंगावर थोडेफार ओरखडे असणे आम्हांस एका परीने सोयीचेच वाटते.

आणि "काही झालेले नाही" असे म्हटले असते तर? ते खरे नव्हते. लोखंड उघडे पडले होते, आणि ज्याच्यापुढे आम्ही हे बोलणार तो लोखंडाच्याच कारखान्यात काम करतो. त्याने कोणी न पाहिलेली गोष्ट आपणहून आणून दाखविली होती. चिखलात बसून, दिवा धरून. तिला आम्ही क्षुल्लक म्हणून झटकून टाकले असते तर त्याच्या सांगण्यासही आम्ही क्षुल्लक ठरविले असते. पुढच्या वेळी तो, किंवा दुसरा कोणी, वरून दिसत नाही म्हणून काहीच न बोलता किल्ली खुंटीस लावून गेला असता, आणि त्यास दोष देण्यास आम्हांस तोंड राहिले नसते.

त्याच्या आईने मध्ये येऊन गोष्ट आणखी बिकट केली. एके संध्याकाळी ती पदराखाली झाकून दोन कोंबडे घेऊन आली आणि म्हणाली, "फादर, पोरगं जेवत नाही नीट. तुम्ही रागावलात काय त्याला?" आम्ही रागावलो नव्हतो, हे तिला पटवून देण्यास बराच वेळ लागला. कोंबडे परत नेण्यास ती शेवटपर्यंत तयार झाली नाही.

अखेर आम्ही त्यास बोलावून सांगितले, "बाबा, तू म्हणालास ते खरे. बंपर राहू दे. त्याचे पैसे कोणाकडूनही घ्यावयाचे नाहीत, कारण तो रंगवावयाचाच नाही. खालचे लोखंड मात्र झाकले पाहिजे. सामान धर्मग्रामाचे, हात तुझे. मेस्त्री दाखवतील तसे कर." तो थोडा वेळ गप्प उभा राहिला. मग म्हणाला, "आता पावसात रंग धरायचा नाही. ग्रीस लावून ठेवतो."

आणि त्याने तसेच केले. उघडी जागा धुऊन, फडक्याने कोरडी करून त्याने तिच्यावर ग्रीसचा जाड थर चोपडला, आणि दर दोन आठवड्यांनी रविवारी येऊन तो थर शाबूत आहे ना हे पाहू लागला. मोंतीचा सण होऊन महिना लोटला, पाऊस उघडला, चार दिवस सलग ऊन पडले, तेव्हा पुढचे काम झाले. ज्यांस घरी हे करावयाचे असेल त्यांच्यासाठी सांगतो. ग्रीस पूर्णपणे निघाले पाहिजे. त्याचा अंश राहिला तर रंग मुळीच धरत नाही. मग पॉलिश पेपरने घासून धातू स्वच्छ, पांढराशुभ्र दिसेपर्यंत गंज काढावा, आणि सभोवतीच्या जुन्या रंगाची कड बोटास लागणार नाही अशी उतरती करावी. थिनरने पुसून जस्तयुक्त प्रायमरचे दोन पातळ हात द्यावे, पहिला वाळल्यावरच दुसरा. त्यावर गाडीच्या रंगाची लहान बाटली मिळते तिचा हात, आणि सर्वांवर गाडीच्या पोटास लावतात तो डांबरासारखा काळा लेप. पाणी जाण्याची छिद्रे त्या लेपाने बुजू देऊ नयेत. त्याने तेवढ्यासाठी प्रत्येक छिद्रात आगपेटीची काडी खोचून ठेवली होती आणि लेप वाळल्यावर त्या काढल्या. किंचित आत गेलेला पत्रा ठोकून बाहेर काढण्याच्या भानगडीत मेस्त्रींनी पडू दिले नाही. ठोकले की भोवतालचा रंग फुटतो. सामानास ९०० रुपयांपेक्षा कमी खर्च आला. मेस्त्रींनी आपले काही घेतले नाही. दोन कोंबड्यांपैकी एक मात्र त्यांच्याकडे पोचला.

काम संपल्यावर तो तरुण गाडीखालून बाहेर आला तेव्हा त्याच्या कपाळास काळा लेप लागला होता. ती पट्टी आता पूर्वीपेक्षा कुरूप दिसते, हे कबूल केले पाहिजे. पांढऱ्या गाडीच्या पोटास काळे ठिगळ. पण तेथे पाहणारे आम्ही, तो आणि मेस्त्री असे तिघेच.

एक प्रश्न राहिला. ही गाडी केव्हा तरी विकावी लागेल. त्या वेळी घेणाऱ्यास ही गोष्ट सांगावी काय? आमच्या एका स्नेह्यांचे म्हणणे असे की विचारले तर सांगावे, न विचारल्यास गप्प बसावे. बंपरच्या चऱ्यांपुरते आम्ही ते कदाचित मान्यही करू, कारण ज्यास वाकता येते त्यास ते दिसतात. परंतु पत्र्यावरचे ठिगळ लेपाखाली झाकलेले आहे, आणि ते पाणी कोठून आत शिरू शकेल हे घेणाऱ्यास कळणे त्याच्या हिताचे आहे. म्हणून गाडीच्या कागदपत्रांबरोबर जी वही असते, जीत तेल बदलल्याच्या तारखा आणि टायरांचे हिशेब आहेत, तीत आम्ही नोंद केली आहे: कोणत्या तारखेस दगड लागला, कोठे लागला, बंपर आतून पाहून तसाच ठेवला, पट्टीवर काय काय लावले, आणि हे काम कोणी केले. शेवटच्या रकान्यात त्या तरुणाने स्वतःच्या हाताने सही केली आहे. सही करताना त्याने खाली एक ओळ वाढविली: पुढच्या मे महिन्यात, पावसापूर्वी, पट्टीची छिद्रे तारेने साफ करून लेप पुन्हा पाहणे.